मनाचे दुखणे वेळीच ओळखावे

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनासारख्या वीराची गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून निसटू लागले. भगवंतांनी त्याला बोल लावले खरे, पण रथातून उतरवले नाही. पुढे सतरा अध्याय त्याच्याशी बोलत राहिले. आपल्या घरात मात्र कोणी खचले, की ‘नामस्मरण कमी पडते’ म्हणून आपण मोकळे होतो. हे आम्हाला बरे वाटत नाही.

हे दुखणे वयागणिक वेगळे सोंग घेऊन येते. लहान पोराला ‘मन उदास आहे’ असे सांगता येत नाही. ते पोट दुखते म्हणते, शाळेच्या वेळी रडते. तेव्हा छडी नको, विचारपूस करावी.

बाळंतिणीचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. प्रसूतीनंतर चार दिवस उगीच रडू येणे पुष्कळजणींना होते, दोन आठवड्यांत जातेही. न गेले, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, तर तो आजार समजावा. नखरा नव्हे की बाहेरची बाधा नव्हे. ती असंबद्ध बोलू लागली, भास होऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि बाळाजवळ तिला एकटी ठेवू नये. अंगारेधुपारे संतांनीच मोडीत काढले. माळकऱ्याच्या घरी ते कशाला?

कर्त्या पुरुषाचे दुखणे बहुधा बोलतच नाही. कर्ज, नापिकी मनात धरून तो गप्प होतो, आणि एखादे दिवशी ‘माझ्यावाचून तुमचे चालेल’ म्हणतो. हे बोल थट्टेवारी नेऊ नयेत. ‘जीव द्यायचे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये.

म्हातारबाबा हरिपाठाला यायचे थांबले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. कानाने कमी ऐकू येत असेल, जोडीदारीण गेल्याचे दुःख असेल, थायरॉईडचा दोष असेल. तपासले तर पुष्कळदा उपाय निघतो. टाळ धरवत नसेल, तर नुसते बसायला आणावे.

सरकारची ‘टेली मानस’ सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीत. डॉक्टरांच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नये. कोणी कोणी ‘आता विठोबाच औषध’ म्हणत वारीला निघताना गोळ्या घरी ठेवतात. त्या पिशवीत घ्याव्यात, आणि दिंडीतल्या एका सोबत्याला तसे सांगून ठेवावे.