‘कळलं सर!’

निकालाचे दिवस आले की चौकाचौकांत ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’, ‘स्टेज डेअरिंग’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे फलक लागतात. मार्गदर्शनासाठी येणाऱ्या पालकांचं गाऱ्हाणंही ठरलेलं असतं : ‘पोरगा हुशार आहे हो, पण चारचौघांत तोंड उघडत नाही.’ त्यावर क्लास असतो, फी असते, शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. ‘मुलाला नीट ऐकता येत नाही, काय करू?’ असं विचारत आलेला पालक मात्र मला अजून भेटायचा आहे. आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात पोरं ठेचकाळतात ती बहुतेक वेळा तिथेच.

सीएच्या ऑफिसातला नवा आर्टिकल, म्हणजे शिकाऊ उमेदवार घ्या. सर बाहेर पडता पडता सांगतात, ‘त्या हार्डवेअरवाल्याचं ऑगस्टचं परचेस जीएसटीच्या टू-बीशी टॅली करून ठेव. फरक आला तर लगेच त्याला फोन लावू नकोस, आधी मला दाखव.’ मुलगा म्हणतो, ‘हो सर, कळलं सर.’ संध्याकाळी पार्टीचा फोन येतो तो थेट सरांना. पोरानं फरक बघितला आणि फोन लावला, पार्टीनं आपल्या सप्लायरला झापलं, आणि फरक निघाला होता तो ऑफिसातच एका बिलाची दोनदा एंट्री झाल्यामुळे. हा मुलगा आळशी नाही, कामचुकारही नाही. ‘टॅली’ ऐकताक्षणी त्याच्या डोक्यात एक्सेल उघडलं. पुढच्या वाक्यातलं ‘फरक’ आणि ‘फोन’ तेवढं आत पोचलं, ‘नकोस’ बाहेरच राहिलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे राल्फ निकोल्स यांनी १९५० च्या दशकात याच गोष्टीचा पाठपुरावा केला. बोलणारा मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, ऐकणाऱ्याचं डोकं त्याच्या कितीतरी पुढे धावतं. उरलेल्या वेळात ते बाजारात जाऊन येतं, उत्तर जुळवतं, समोरच्याच्या शर्टाचं बटण बघतं. बोलणं संपल्या संपल्या विचारलं तरी माणसाला त्यातलं निम्मंच आठवतं, असं त्यांना आढळलं. आपण मन लावून ऐकतोय असं त्याला वाटत असलं तरी. तेव्हा ‘माझं लक्ष होतं’ ही सबब खोटी नसते, अपुरी असते.

याच्या अगदी उलट ज्याचं शिक्षण होतं, तो म्हणजे लघुलेखक. राज्य शासनात निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्दांचा वेग लागतो. डिक्टेशन घेणारा मुरलेला स्टेनो बोलणाऱ्याच्या दोन-चार शब्द मागेच चालतो. वाक्य कुठे वळतंय ते कळल्याशिवाय तो हात टाकत नाही, कारण साहेब ‘मंजूर करण्यात येत’ म्हणाले की पुढे ‘आहे’ येणार की ‘नाही’, हे साहेबांच्या तोंडून येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. आपला आर्टिकल पुढे पळाला. स्टेनो मागे राहतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची ही सवय लघुलेखन न शिकताही लावून घेता येते.

पण निव्वळ थांबून भागत नाही. ऐकलेलं सांगणाऱ्यालाच परत ऐकवावं लागतं. ‘म्हणजे सर, टू-बीशी टॅली करायचं, फरक आला तर पार्टीशी न बोलता तुम्हाला दाखवायचा, बरोबर?’ याला किती वेळ लागतो? सर चपला घालेपर्यंत होतं. तरी पोरं विचारत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष थोडा. शाळेत परत विचारलं की ‘लक्ष कुठे होतं?’ हे ऐकून ऐकून त्यांनी नंदीबैलासारखी मान हलवायची विद्या आत्मसात केलेली असते. ऑफिसात परत विचारणारा मुलगा मठ्ठ ठरत नाही. माझ्या अनुभवात साहेबलोक दुसऱ्या आठवड्यापासून नाजूक कामं त्यालाच सांगायला लागतात.

विमान वाहतुकीत तर हा नियमच आहे. कंट्रोलरनं उंची सांगितली, धावपट्टी सांगितली, की वैमानिकानं ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि कंट्रोलरनं ती कान देऊन तपासायची. ‘ओके, कळलं’ तिथे चालत नाही. पण हे परत म्हणणंही तोंडदेखलं असलं तर काय होतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दिसलं. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, समोरून येणारं सौदी विमान १४ हजारांवर होतं. कझाक विमानातून १५ हजारांवर आल्याचं रेडिओवर कळवलंही गेलं. विमान मात्र त्याच्या खाली उतरलं आणि ३४९ माणसं गेली. कंट्रोलरशी बोलायला त्या विमानात वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. दांडा ज्यांच्या हातात, ते निरोपासाठी त्याच्यावर विसंबून. चौकशीत कझाक चमूच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये ‘मीटिंगला तू जा, आम्हाला सांग’ म्हणणाऱ्यांनी हा प्रकार लक्षात ठेवावा. ऐकणारा एक आणि करणारा दुसरा असेल, तर निरोप करणाऱ्याकडूनच परत वदवून घ्यायला हवा.

पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि कंट्रोलरना भाषेची परीक्षा लागू झाली, २००८ पासून. तिच्यात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि सहांपैकी सर्वांत खालची श्रेणी हीच त्या माणसाची श्रेणी. सरासरी नाही. बोलण्यात फर्डा पण ऐकण्यात कच्चा, असा उमेदवार तिथे कच्चाच.

तुमच्या आवाक्यातल्या परीक्षांकडेही या नजरेनं बघा. आयईएलटीएसच्या श्रवणाच्या पेपरात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. नर्सिंगसाठी किंवा तांत्रिक शिक्षणासाठी जर्मनीला जायचं म्हणून मराठी मुलं आता जर्मनच्या क्लासला गर्दी करतात. गोएथेच्या बी-वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत स्वतंत्रपणे १०० पैकी ६० लागतात. बोलण्यातले जादा गुण श्रवणाच्या खात्यात वळते होत नाहीत. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एसएसबीच्या मुलाखतीत अधिकारी एका दमात प्रश्नांची माळच लावतात : दहावीला किती गुण, आवडते शिक्षक कोण, का आवडायचे, नावडते कोण, मित्र किती, त्यातला जवळचा कोणता... सगळं ऐकून घ्यायचं आणि मग क्रमानं बोलायचं. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मनात सजवत बसलेला उमेदवार चौथ्यापाशी गळपटतो. याची तयारी घरी होते. सातच्या आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावा, कागद-पेन न घेता ऐका आणि संपल्यावर आईला क्रमानं सांगा. फुकटात होतं, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

आता पालकांकडे वळतो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकल या अमेरिकी संशोधकांनी दवाखान्यातल्या संवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण काय होतंय ते सांगायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते, आणि तोडल्यावर रुग्णाचं सांगणं बहुतेकदा अर्धवटच राहत होतं. डॉक्टरांना हसण्याआधी आपल्या जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून बघावं. माझ्याकडेही मी प्रश्न मुलाला विचारतो आणि उत्तर आई देते. ‘त्याला ना, सर, पहिल्यापासून बायोची आवड आहे.’ तो खिडकीबाहेर बघत असतो.

अशा वेळी मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती वापरतो. त्यानं ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुचवली होती : वाद चालू असताना स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं, त्याचं समाधान होईल असं, मांडून दाखवायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला की आपली पाळी. ऐकायला सोपी वाटते. एका बारावीच्या मुलीला यूसीड देऊन डिझाइनला जायचं होतं, वडिलांना इंजिनीअरिंगच हवं होतं. वडिलांना म्हटलं, आधी तिचं सांगा.

‘हिला गणित नको वाटतं म्हणून डिझाइन.’

‘नाही बाबा, सीईटीच्या मॉकला गणितातच जास्त मार्क आहेत मला.’

‘बरं, मैत्रिणी चालल्यात म्हणून.’

‘एकही नाही.’

बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘तुला वस्तू बनवायच्यात. आजीच्या वॉकरला तू ती पिशवी-दिवा बसवलास, तसलं.’ मुलगी म्हणाली, ‘हो.’ मग तिची पाळी आली.

‘तुम्हाला वाटतं, यात नोकरी लागत नाही.’

‘नोकरीचं नाही गं. दोन वर्षांनी मी रिटायर होतोय, आणि फी चार वर्षं आहे.’

हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मग डिझाइन की इंजिनीअरिंग हा विषय बाजूला पडला, आणि आम्ही शैक्षणिक कर्जाचं व्याज, सरकारी कॉलेजांची फी आणि शिष्यवृत्तीच्या अटी असा कागद मांडून बसलो.