‘इंडिया’ची जर्सी कितीला पडते?

परीक्षा संपत आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. आंतरराष्ट्रीय इनडोअर फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, ‘टीम इंडिया’साठी निवड, जागा मर्यादित, अमुक तारखेच्या आत रक्कम भरा. सोबत तिरंगी जर्सीतल्या मुलांचा फोटो असतो. रक्कम कधी पंचवीस हजार, कधी पस्तीस, कधी त्याहून जास्त. “माह्या पोराचं इंडियात सिलेक्शन झालं” असं सांगताना बापाचा आवाज भरून येतो, आणि त्या आनंदात पावती मागायची राहून जाते.

त्या आनंदाला धक्का लावण्यासाठी हा लेख नाही. हा खेळ मुलांनी जरूर खेळावा. पण पैसे नेमके कशाचे भरतो आहोत, हे भरण्याआधी कळायला हवं.

या खेळाचं नाव फुटसल. १९३० साली उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएमधल्या मुलांना छताखाली फुटबॉल खेळता यावा म्हणून तो बसवला. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. एका डावात संघाचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून समोरच्याला दहा मीटरवरून भिंतीशिवाय थेट फटका मिळतो.

पुरुषांच्या राष्ट्रीय संघांचा फिफाचा फुटसल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. २०२४ चा उझबेकिस्तानात झाला. चोवीस संघ होते आणि ताश्कंदच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. आता पालकांनी लक्षात ठेवायची गोष्ट. ‘वर्ल्डकप’ म्हणवणारी स्पर्धा ही एकच नाही. फिफा या खेळात उतरण्याआधीच १९८२ मध्ये साओ पावलोत एका वेगळ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फुटसलची जागतिक स्पर्धा भरवली होती. त्या परंपरेतली एएमएफ ही संस्था पॅराग्वेतून चालते आणि आजही स्वतःचा विश्वचषक घेते. तिथले सामने खरे, खेळाडूही खरे. पण फिफाशी त्या स्पर्धेचा संबंध नाही. याशिवाय कोणत्याच जागतिक संघटनेशी न जोडलेल्या, चार देशांतल्या खासगी अकादम्या एकत्र आणून भरवलेल्या स्पर्धाही ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणूनच विकल्या जातात. तीन वेगळ्या वस्तूंवर एकच लेबल लागलेलं आहे. गिऱ्हाईक म्हणून आपली पहिली अडचण ही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ही स्पर्धा कोणत्या संघटनेची, आणि भारतातली कोणती संघटना तिथे संघ पाठवते? फिफाच्या वाटेवर भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे आणि महाराष्ट्रात त्याची राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा. खेळाडूची नोंदणी महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. ज्या क्लबकडे तुम्ही फी भरता, त्याला मुलाचा सीआरएस क्रमांक विचारा. तो नसेल, तर मुलगा खेळत असेल, पण या वाटेवर त्याची नोंद नाही.

आता खऱ्या भारतीय संघाची गोष्ट. ती लहान आहे, म्हणून ताडून पाहायला सोपी आहे. महासंघाची क्लबांसाठीची राष्ट्रीय फुटसल स्पर्धा पहिल्यांदा २०२१ मध्ये दिल्लीत झाली आणि दिल्ली एफसीने ती जिंकली. पुरुषांचा राष्ट्रीय संघ त्यानंतर उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताजिकिस्तानच्या दुशान्बेत आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो पहिल्यांदा उतरला. पहिला आंतरराष्ट्रीय विजय सप्टेंबर २०२५ मध्ये कुवेतमध्ये, मंगोलियाविरुद्ध मिळाला. फिफाच्या फुटसल विश्वचषकात भारताचा पुरुष संघ आजवर एकदाही खेळलेला नाही. तेव्हा कोणी ‘आमची मुलं फुटसल वर्ल्डकप खेळून आली’ म्हणत असेल, तर तो वर्ल्डकप फिफाचा नव्हता, एवढं नक्की.

ज्या ताजिकिस्तानात आपण पहिली पात्रता फेरी खेळलो, तो देश आणि अफगाणिस्तान हे दोघेही २०२४ च्या विश्वचषकात पहिल्यांदा खेळले. दोन्ही श्रीमंत देश नाहीत. पैशाअभावी ही वाट बंद आहे असं नाही. वाट ओळखून चालावं लागतं, इतकंच.

आणि त्या वाटेवर जर्सी विकत मिळत नाही. महासंघाचा वरिष्ठ राष्ट्रीय संघ परदेशी जातो तेव्हा निवडलेल्या खेळाडूच्या घरून तिकिटाचे पैसे मागवत नाहीत. निवडही प्रामुख्याने राष्ट्रीय क्लब स्पर्धेत खेळलेल्यांतून होते. काही लहान खेळांत मात्र अधिकृत संघटनेचे खेळाडूही स्वखर्चाने जातात, कारण संघटनेकडे निधी नसतो. त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणणार नाही. पण आधी पैसे आणि नंतर निवड असा क्रम असेल, किंवा चाचणीला आलेला प्रत्येक जण निवडला जात असेल, तर ती निवड नाही, सहल आहे. सहल म्हणून मुलाला पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. मग भाव सहलीच्या भावाशी ताडा: तिकीट किती, राहणं किती, जेवण किती, विमा आहे का, सोबत मोठं माणूस कोण. प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. ‘पॅकेज आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. पैसे कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नका, संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा. रद्द केलं तर किती परत मिळेल, हे भरण्याआधी लेखी घ्या.

बऱ्याच घरांत खरी ओढ प्रमाणपत्राची असते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, या दोन आशांवर कर्ज काढून पैसे भरले जातात. दोन्ही सवलती खऱ्या आहेत, पण त्या शासनाच्या यादीतला खेळ, मान्य संघटना आणि ठरलेल्या पातळीची स्पर्धा यांनाच लागू होतात. नोकरीसाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. आपल्या अकोल्याचा विभाग अमरावती. वर्ष गेल्यावर तिथे नकार ऐकण्यापेक्षा आजच अकोल्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात साधा अर्ज द्या: अमुक संघटनेची अमुक स्पर्धा सवलतीसाठी ग्राह्य आहे का? उत्तर लेखी मागा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

पस्तीस हजारांत अकोल्यात काय येतं?

समजा संदेशातली रक्कम पस्तीस हजार आहे. तेवढ्यात हाच मुलगा आपल्या गावात वर्षभर काय करू शकतो, याचा हिशेब मांडू.

सगळ्यात मोठा खर्च जागेचा. शहरात कृत्रिम गवताची टर्फ झाली आहेत आणि ती तासावर मिळतात. रात्री दिव्यांचे जास्त लागतात. तासाला ८०० रुपये धरू, तुमच्या टर्फचा दर तुम्ही घाला. आठवड्यातून दोन तास, बावन्न आठवडे: ८३,२०० रुपये. बारा मुलांत वाटले तर एकाला वर्षाचे सुमारे ६,९३५. बारा जण जमवून महिन्याचे तास एकदम ठरवले तर भावात घासाघीस होते, ती करा. पाऊस आला तर तास पुढे मिळतो की पैसे बुडतात, हेही आधी विचारा.

पण एक लक्षात घ्या, टर्फवरचा खेळ म्हणजे फुटसल नव्हे. फुटसलला गुळगुळीत, सपाट, न खरचटणारी जमीन लागते, शक्यतो लाकडी किंवा कृत्रिम तक्त्यांची. गवतावर चेंडू अडखळतो, तळव्याखाली चेंडू दाबून वळण्याची सवय लागत नाही. मग जागा कुठे शोधायची? हँडबॉलचं मैदान शोधा. ते ४० बाय २० मीटर असतं आणि गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. फुटसलचा गोल नेमका तेवढाच, आणि मैदानही त्या मापात चपखल बसतं. ज्या शाळेत किंवा महाविद्यालयात हँडबॉल आहे तिथे फुटसलचं मैदान आधीच आखलेलं आहे. अर्ज करून सकाळचा तास मागायचा, एवढंच काम उरतं. असं मैदान काँक्रीटचं असेल तर रोज खेळू नका, गुडघे आणि घोटे दुखावतात. आणि अकोल्याचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. पारा पंचेचाळिसाला टेकतो त्या दिवसांत सकाळी आठनंतर मुलाला मैदानावर ठेवायचं नाही, प्रशिक्षक काहीही म्हणो.

बूट घेताना दुकानदार खिळ्यांचे स्टड दाखवतो. ते मोठ्या गवती मैदानाचे, फुटसलला नकोत. सपाट, रबरी तळाचे, नॉन-मार्किंग बूट मागा. भारतीय बनावटीचे साधारण हजार-दीड हजारात येतात आणि शिकणाऱ्या मुलाला ते पुरे होतात. अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. वाढत्या वयाच्या मुलाला महागडी जोडी घेऊन देण्यात शहाणपण नाही. सहा-आठ महिन्यांत पाय मोठा होतो. वर्षाला दोन जोड धरा, ३,०००.

चेंडूही नेहमीचा नको. फुटसलचा चेंडू चार नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम, आणि मुख्य म्हणजे कमी उसळणारा. नियमाप्रमाणे दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० ते ६५ सेंटिमीटरच वर आला पाहिजे. ही चाचणी दुकानात करता येते. हात डोक्यावर उंच करून चेंडू सोडा. तो कमरेपर्यंत उसळला तर तो साधा चार नंबरचा चेंडू आहे, फुटसलचा म्हणून घेऊ नका. चांगला चेंडू हजाराच्या आसपास पडतो, बारा जणांत शंभरही नाही. शिन गार्ड नियमानेच सक्तीचे आहेत, तीनशे धरा. छापील किमतीवर एक रुपयाही जास्त देऊ नका आणि पक्कं बिल घ्या. महिन्यात शिवण उसवली तर त्याशिवाय कोणी उभं करणार नाही.

बेरीज केली तर वर्षाचे साडेदहा हजारांच्या आत. पस्तीसमधले चोवीस हजारांवर शिल्लक राहतात. त्यातून प्रशिक्षकाची फी द्या, पण त्याने प्रशिक्षणाचा परवाना किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी दाखवली तर. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांचं शिक्षण तिथे झालं. तुमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आधी भेटा. कोणती चाचणी खरी, कोणती नुसती वसुली, हे ते फुकटात सांगतील. आणि खऱ्या चाचणीसाठी मुंबईला जायची वेळ आली तर अकोला जंक्शनवरून रात्रीची गाडी आहे, स्लीपरचं भाडं चारशेच्या आसपास. ते पैसे याच शिल्लकीतून निघतात.

मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल आणि बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये. ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडलेल्या हाताच्या प्लास्टरचा खर्च ती देत नाही. त्यासाठी घरचा आरोग्य विमा तपासा.

विश्वचषक पाहायला जायचं असेल तर

हे स्वप्नही फार महाग नाही. २०२४ मध्ये ताश्कंदला जाणाऱ्या भारतीयाला ई-व्हिसा २० डॉलरमध्ये मिळत होता आणि दिल्लीहून विमान तीन तासांचं. खर्च ठरतो तो यजमान देश कोणता यावर. म्हणून पासपोर्ट आधी काढून ठेवा, ऐनवेळी नको. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. अठराच्या आतल्या मुलाची १,०००. अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. आपलं प्रादेशिक कार्यालय नागपूर. टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस हा कर घेतात. तो पावतीवर वेगळा दाखवून घ्या आणि पॅन क्रमांक बरोबर टाकलाय ना ते पाहा, म्हणजे आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते.

आता पुन्हा त्या ‘टीम इंडिया’च्या संदेशाकडे. पैसे आधीच भरून झाले असतील आणि स्पर्धा झालीच नाही, किंवा सांगितली एक आणि निघाली दुसरी, तर गप्प बसू नका. लोक काय म्हणतील, मुलाचं नाव खराब होईल, या भीतीनेच पालक बोलत नाहीत. फी घेऊन पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. संदेशांचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी, जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. आधी संस्थेला लेखी नोटीस पाठवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. संस्था दिल्लीची असो की पुण्याची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य, आणि वकील लावणं सक्तीचं नाही.