मुंबईतील झोपडवस्ती : पत्ता आणि पुरावा

आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास गावकुसाबाहेरचा वाडा, गिरणगावातील चाळ आणि शहराच्या कडेची झोपडी या तीन मुक्कामांतून झाला आहे. पहिल्या मुक्कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्याविषयीही बऱ्यापैकी साहित्य उपलब्ध आहे. तिसरा मुक्काम मात्र कथा-कवितेत जितका ठसठशीतपणे आला, तितका अभ्यासाच्या अंगाने आपल्या घराघरांत पोहोचला नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांनी ते जीवन स्वतः अनुभवले आहे. तेथील दैन्याचे वर्णन त्यांच्यापुढे नव्याने करण्याचे प्रयोजन नाही. झोपडपट्टी निर्माण का होते, कायदा तिच्याकडे कसा पाहतो आणि त्या कायद्यात टिकून राहण्यासाठी काय लागते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेड्यातून माणसे येतात आणि सरकारी जमीन बळकावून बसतात, अशी एक सोपी मांडणी सुशिक्षित वर्गात रूढ आहे. प्रत्यक्षात मुंबईत कामगाराच्या निवाऱ्याचा प्रश्न झोपडीच्या आधीपासूनचा आहे. १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा दाट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये सुधार मंडळ स्थापन झाले. याच मंडळाच्या परळ येथील बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचे वास्तव्य सुमारे दोन तपे होते. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, शौचालये सामायिक. गिरण्यांना माणसे हवी होती. परंतु माणसांना घरे देण्याची जबाबदारी गिरणीमालकांपैकी फार थोड्यांनी आणि सरकारने अत्यल्प प्रमाणात घेतली. उरलेल्यांनी जागा मिळेल तेथे आसरा उभारला.

त्यातही सर्वांचा वाटा समान नव्हता. कापड गिरणीत विणकाम खात्याची मजुरी चांगली होती. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असल्यामुळे विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता. ज्याला कमी मजुरीच्याच खात्यात काम मिळते, त्याला भाड्याची खोलीही हलकीच मिळते किंवा मिळतच नाही. शहर जात पुसून टाकते, ही अपेक्षा अंशतः खरी ठरली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, त्यामागे खेड्यातील बंदिस्तपणाचा अनुभव होता. शहराने विहीर, वाट आणि हॉटेलातील कप मोकळे केले. घराचा दरवाजा मात्र पुष्कळ काळ बंद ठेवला.

१९७२ च्या दुष्काळाने या प्रश्नाला नवे परिमाण दिले. मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईत आली. ज्याच्याकडे जमीन होती तो पाऊस परतल्यावर गावी गेला. ज्याच्याकडे नव्हती त्याला परतण्यासारखे काही नव्हते. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य माणसे दरिद्री जिल्ह्यांतून आलेली, भूमिहीन आणि कष्ट करून जगणारी असल्याचे स्पष्ट झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कारखान्यातील स्थिर नोकरीच आटत गेली. नाका कामगार, घरकाम, कचरावेचणी, हातगाडी, बांधकाम यांवर शहराचा गाडा चालू लागला. या कामांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना पगारपत्रक. पगारपत्रक नाही म्हणून गृहकर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून कायदेशीर घर नाही.

बौद्ध विचारात या कार्यकारणाला महत्त्व आहे. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा राज्याचे रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला आळा म्हणून शिरच्छेद आणि त्यातून शस्त्र व हिंसा, अशी साखळी सांगितली आहे. कूटदन्त सुत्तात त्याचा उपायही येतो : शेती करणाऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला योग्य वेतन. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी दारिद्र्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानत नाही, राज्यकर्त्याच्या कर्तव्यच्युतीचा परिणाम मानते. आपल्या उपासकांना ही सुत्ते विहारात अधिक वेळा ऐकवली जावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मंगलप्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या सुत्तांइतकीच ती आपल्या जगण्याशी संबंधित आहेत.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम १९७१ साली आला. जानेवारी १९७६ मध्ये सार्वजनिक जमिनींवरील झोपड्यांची गणना झाली आणि गणनेत आलेल्या कुटुंबांना ओळखपत्रे, म्हणजेच पुढे ‘फोटोपास’ म्हणून ओळखला जाणारा कागद मिळाला. झोपडी प्रथमच सरकारी नोंदीत आली. त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडून तेथील हजारो कुटुंबांना चिता कॅम्पच्या दलदलीत हलवण्यात आले. त्यांनी स्वतःच भराव टाकून ती जमीन राहण्यायोग्य केली. मुंबईच्या अनेक वस्त्यांची कथा अशीच आहे. खाजण, खाण, नाल्याचा काठ अशा कोणालाही नको असलेल्या जमिनीवर रहिवाशांनी माती ओतली, आणि जमिनीला किंमत आल्यावर ते अतिक्रमणकर्ते ठरले. धारावीतही कोळीवाड्याच्या शेजारी कातडी कमावणारे, सौराष्ट्रातून आलेले कुंभार, तमिळ चर्मकार असे थर एकावर एक बसत गेले. शहराला दुर्गंधी नको म्हणून बाहेर घालवलेले उद्योग तेथे स्थिरावले आणि पुढे शहरच तिच्या पलीकडे पसरले.

१९८१ साली पदपथावरील लोकांना हुसकावून मूळ गावी पाठवण्याची मोहीम सुरू झाली. तिच्याविरुद्ध ओल्गा टेलिस व इतरांनी दाखल केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. या निकालाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. परंतु तो पूर्ण वाचला पाहिजे. पदपथ अडवण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून घेऊन झोपड्या हटवता येतील, असेच त्याने सांगितले. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मात्र पर्यायी जागेचे आश्वासन पाळण्यास सांगितले. म्हणजे हक्क तत्त्वतः सर्वांचा असला, तरी प्रत्यक्ष संरक्षण ज्याच्या हाती कागद होता त्यालाच मिळाले.

यानंतरचा सारा इतिहास तारखांचा आहे. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे आजचे स्वरूप आले. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्याला विनामूल्य घर. विकासकाने ते बांधावे, आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्रातून विक्रीची घरे उभारून आपला खर्च व नफा वसूल करावा. घराचे क्षेत्रफळ प्रथम २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३०० झाले. तारीख पुढे १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घराची तरतूद आली आणि २०२३ मध्ये त्याची किंमत २.५ लाख रुपये ठरली. माळ्यावर राहणारा भाडेकरू दीर्घकाळ कोणत्याच यादीत बसला नाही. वस्तीतील सर्वांत गरीब माणूस बहुधा तोच असतो.

या योजनेने काही लाख माणसांना पक्के छप्पर व स्वतंत्र शौचालय दिले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या दाराआड नळ आणि शौचालय असण्याने मुलींच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हे आपल्या शाळेच्या पालकांना सांगावे लागत नाही. परंतु योजनेचे इंजिन जमिनीच्या भावावर चालते. जेथे विक्रीची घरे महाग विकली जातील तेथे विकासक धावतो. जेथे भाव नाही तेथे वस्ती वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात किंवा अर्धवट बांधकामापाशी थांबते. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या जातात की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. मानखुर्द-गोवंडी भागातील दाट पुनर्वसन वसाहतींत क्षयरोगाचा प्रादुर्भाव हा डॉक्टरांच्या चिंतेचा विषय झाला आहे. झोपडीतून इमारतीत गेल्यावर उद्वाहनाचे वीजबिल आणि देखभाल खर्च येतो तो वेगळाच.

जनगणनेनुसार बृहन्मुंबईत २००१ मध्ये सुमारे ५४ टक्के आणि २०११ मध्ये सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. या माणसांनी पाण्यासाठी मोजलेली किंमत बहुधा इमारतीतल्या माणसापेक्षा अधिक असते, कारण नळजोडणी नसलेल्याला हंड्याने किंवा टँकरने विकत घ्यावे लागते. पाण्याची जोडणीही पूर्वी तारखेला बांधलेली होती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाण्याचा हक्क अनुच्छेद २१ खाली मानून, अनधिकृत झोपडीतील माणसालाही पाणी नाकारता येणार नाही अशी भूमिका घेतली. घर बेकायदा असू शकते, तहान बेकायदा कशी असेल, हा त्यातील साधा तर्क होय.

आपल्या वस्त्यांचा विचार करताना घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा उल्लेख टाळता येणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले असता राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्या प्रसंगाचा एक पैलू क्वचित मांडला जातो. पुतळा, विहार आणि कमान यांनी त्या वस्तीने स्वतःला एक नाव, एक पत्ता दिला होता. सरकारी नकाशावर जी जागा केवळ झोपड्यांची होती, ती तेथील माणसांसाठी रमाबाई नगर होते. आज त्या वस्तीच्या पुनर्विकासाची योजना सरकारी यंत्रणांनी हाती घेतली आहे, आणि कोण पात्र, कोण अपात्र हा प्रश्न तेथेही घरोघरी पोहोचला आहे.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी येथे नोंदवतो. पुनर्वसन योजनेत रहिवाशांची पात्रता ‘परिशिष्ट-२’ या यादीत ठरते. मतदार यादीतील नोंद, वीजबिल, फोटोपास, शिधापत्रिका, गणनेची पावती हे कागद त्यासाठी तपासले जातात. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीसाठी ठरावीक मुदत असते. ती चुकली की अपिलाची पायपीट वाढते. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. त्यामुळे सही करण्यापूर्वी करारनामा वाचणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे. पर्यायी भाडे किती, किती महिन्यांचे आगाऊ, मजला कसा ठरणार, हे लेखी घ्यावे.

दुसरे, जातपडताळणीच्या कागदांचे. अनुसूचित जातींसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील उतारा, महसुली नोंद हे गावाकडूनच आणावे लागते. झोपडी तुटते किंवा २६ जुलै २००५ सारखा पूर येतो, तेव्हा पत्र्याच्या पेटीतील हे कागद प्रथम जातात. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक मुलांचे दाखले चिखलात गेले. शाळेच्या सामान्य नोंदवहीत मुलाची जात, जन्मस्थळ आणि वडिलांचे पूर्ण नाव अचूक लिहिले गेले असेल तर तोच पुढे आधार ठरतो. प्रवेशाच्या वेळी पालकांनी ती नोंद स्वतः वाचून घ्यावी. प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती गावातील नातेवाइकांकडेही ठेवाव्यात.

तिसरे, पुनर्वसनाचे घर पती व पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद नियमात आहे. तरीही पुष्कळ भगिनींना आपले नाव यादीत आहे की नाही, याची कल्पना नसते. यादीतील ते नाव, त्याचे शुद्धलेखन आणि आधारपत्रावरील नाव एकमेकांशी जुळते का, हे त्यांनी स्वतः कार्यालयात जाऊन पाहावे. विवाहापूर्वीचे आणि नंतरचे आडनाव वेगळे असल्यास विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्यावा.