पुस्तक मिटून अभ्यास

घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेले मूल दिवेलागणीपासून मोठमोठ्याने धडा वाचीत असते. आईबापांना समाधान वाटते. पुढे चाचणीत गुण कमी पडले की ते म्हणते, "मला डोकंच नाही." आईबापही तसेच धरून चालतात. बंधुभगिनींनो, हा समज घातक आहे. त्यापायी मुलांची शाळा सुटते. बहुधा दोष डोक्याचा नसतो, पद्धतीचा असतो.

तोच धडा पुन्हा पुन्हा वाचला की शब्द ओळखीचे होतात आणि सारे आले असे वाटू लागते. परंतु परीक्षेत पुस्तक समोर नसते. तेथे आठवावे लागते. म्हणून सराव आठवण्याचाच हवा.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा याविषयीचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेला ८१ टक्के व लिहून काढलेला ७५ टक्के आठवला. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले : दोनदा वाचलेला ४२ टक्के, लिहून काढलेला ५६ टक्के.

तेव्हा पाठ्यपुस्तक असे अभ्यासावे :

१. आधी धड्याखालचा स्वाध्याय वाचा. काय शोधायचे ते कळते.

२. धड्याचा एक लहान भाग समजून वाचा.

३. पुस्तक मिटा. वाचलेले आपल्या शब्दांत सांगा किंवा लिहा.

४. पुस्तक उघडून ताडून पाहा. सुटले तेवढे पुन्हा वाचा.

५. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तोच भाग पुन्हा न पाहता सांगा.

आईबापांनो, तुम्हांला अक्षरओळख नसली तरी ऐकता येते. भाकरी थापताना विचारा, "झाड आपलं अन्न कसं करतं?" मूल पान, सूर्यप्रकाश, पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची जुळणी सांगेल. जेथे कळले नाही तेथे म्हणा, "हे पुन्हा सांग." पुष्कळदा तेथेच त्याचाही घोळ असतो. ते अडखळले तर रागावू नका. अडखळून आठवणे हाच अभ्यास आहे.

यास शिकवणीची फी लागत नाही. रोज पंधरा मिनिटे ऐकणारे माणूस लागते. ते प्रत्येक घरात आहे.