आधी घोडी, मग गाडी

बाळा, जुनी का होईना, एअर सस्पेन्शनची गाडी दारात आणलीस, छान केलंस. मुंबई-पुणे शिवनेरीत बसल्या बसल्या डोळा लागतो, त्यातही खालच्या रबरी बेलोंचा मोठा वाटा असतो. तेच सुख आता तुझं. पण रोज सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते म्हणून ‘कंप्रेसरच बदलून टाकू का?’ असं विचारलंस, तिथे जरा थांब. बहुतेक वेळा आधी कुठेतरी हवा गळते आणि ती भरून काढता काढता कंप्रेसर तापून जळतो. गळती तशीच ठेवून नवा बसवलास, तर तोही त्याच वाटेने जाणार. चोरी गळतीची, फाशी कंप्रेसरला!

१. संध्याकाळी गाडी सपाट जागी लाव आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिही — एका सेंटीमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, टेपला दिसतो.

२. मोजून झालं की पुस्तिकेत बघून सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेव — कित्येक गाड्या बंद असतानाही मधूनच उंची सारखी करून घेतात, मग सकाळी पुरावाच उरत नाही. फ्यूज हाती लागला नाही, तर निदान सकाळी दार उघडण्याआधी मोज. दार उघडलं की गाडीचा संगणक जागा होतो.

३. थंडीत चारही बाजू दोन-चार मिलिमीटर उतरल्या तर जीव टांगणीला लावू नकोस — हवा गार झाली की आकसतेच. एकच कोपरा बसला तर तिथला बेलो किंवा त्याची नळी बघ. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं बरोबर बसली तर चाकांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घे. मोजलं ते कळलं, न मोजलं ते गळलं.

४. गाडी वाकडी उभी राहते पण रात्रभरात आणखी उतरत नाही, तेव्हा उंची सांगणाऱ्या सेन्सरची बारीक दांडी तपास — ती गंजून किंवा दगड लागून निखळली की संगणकाला खोटी उंची कळते आणि हवा ठीक असूनही गाडी तिरपी राहते.

५. गळती शोधायला भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि फवाऱ्याची बाटली पुरते. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर ने, इंजिन बंद कर, पुढच्या बेलोंसाठी स्टिअरिंग पूर्ण वळव — एरवी दुमडलेली घडी तेव्हाच उघडते आणि भेगा बहुधा त्या घडीतच असतात. नळ्यांचे सांधेही बाहेरूनच, गाडीखाली हात न घालता भिजव आणि थांब. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश येतो आणि तुझी घाई मला माहीत आहे.

६. बेलोला भेग दिसली तर पंक्चरची चकती किंवा सोल्यूशन लावून बघायचा मोह आवर — तो भाग प्रत्येक खड्ड्यात दुमडतो, चकती टिकतच नाही. बेलो बदलायचाच, आणि दोन्ही बाजूंचे एकाच वयाचे असतील तर जोडीने बदललेले बरे.

इथून पुढचं दोनदा वाच. सात नंबर तर पाठच कर.

७. नुसत्या हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही — नळी निसटली तर गाडी क्षणात खाली येते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. कंपनीने दाखवलेल्या जागी लोखंडी घोड्या लाव, गाडी हाताने हलवून बघ, घरात कुणाला तरी सांग, मगच शिर. आधी घोडी, मग गाडी.

८. जॅक लावण्याआधी मेन्यूतला जॅक मोड चालू कर, पंक्चरवाल्याकडेसुद्धा — नाहीतर चाक लटकताना पाहून संगणक उंची जुळवायच्या खटपटीला लागतो.

९. शक्यतो स्कॅनर लावून हवा आधी सोडून घे, आणि तरीही नळीचा नट चष्मा घालून अगदी हळू सैल कर — टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय हवा असते, इथे ती १५० च्याही वर जाऊ शकते. आणि मोबाइल दातांत धरून उजेड पाडू नकोस, डोक्याला बांधायचा दिवा आण.

१०. नळीचं टोक खराब असेल तर धारदार कटरने अगदी काटकोनात काप आणि ओ-रिंग नवीनच घाल — तिरप्या टोकाला सांधा पकडत नाही.

११. सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस — हवा ओ-रिंगने अडते, टेपने नाही. टेपची चिंधी आत गेली की व्हॉल्व्ह अडकतो.

१२. नवा बेलो पीळ न पडता बसव, आणि घोड्या काढण्याआधी त्यात हवा भर — रिकाम्या बेलोवर वजन आलं की रबर चुकीच्या जागी दुमडतं आणि नवा माल पहिल्याच दिवशी फाटतो.

१३. खालच्या आर्मचे बोल्ट आधी हाताने लाव, शेवटचं आवळणं गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर — बुश पिळलेल्या अवस्थेत आवळले तर लवकर फाटतात.

१४. गळती बंद झाल्यावरही गाडी वर यायला वेळ लावत असेल, तर आता कंप्रेसरकडे बघ. त्याच्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे संपले की पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जातं — कोकणातल्या पावसाळ्यात तर आधी तेच तपास. कंप्रेसर बदललास तर रिलेही बदल. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले की कंप्रेसर थांबतच नाही आणि नवाही जळतो.

१५. सर्व्हिसिंगला दिल्यावर खालून डिझेलचा फवारा मारू देऊ नकोस, आधीच बजाव — डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं.

१६. फुटपाथच्या कडेवर बंपर येईल अशी गाडी लावू नकोस — रात्रीत उतरली तर बंपर दगडावर टेकतो.

१७. ‘सगळं काढून साध्या स्प्रिंगा घाल’ असा सल्ला देणारे भेटतील. १९५७ च्या एअर सस्पेन्शनवाल्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमच्या कित्येक मालकांनी गळतीला कंटाळून तेच केलं होतं. मला विचारशील तर घाई नको — ज्या सुखासाठी गाडी घेतलीस तेच त्यात जातं, आणि डॅशबोर्डवरचा इशारा मिटवायला वेगळा खर्च येतो.

१८. सेन्सर बदललास तर उंचीचं कॅलिब्रेशन जाणत्या माणसाकडूनच करून घे — ते योग्य स्कॅनरशिवाय होत नाही. जाताना वही ने. तुझे आकडे बघून त्याचा अर्धा तास वाचेल.