विसरभोळ्यांनी घरात कोणती झाडे लावावीत?

आरोग्याच्या सदरात कुंड्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे कारण आधी सांगतो. पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत दवाखान्यात डेंग्यूच्या तापाचे रुग्ण येत राहतात. घरात पाणी कुठे कुठे साठते, असे विचारले की मंडळी टाकी, ड्रम आणि कूलर एवढी तीन नावे सांगतात. कुंडीखालची ताटली आणि शोकेसवरची मनीप्लांटची बाटली मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, थोड्या आणि स्थिर पाण्यात वाढतो.

जालन्याच्या एमआयडीसी भागात हा प्रश्न जास्त आहे. रोलिंग मिलमध्ये तीन पाळ्यांत काम करणारा माणूस या आठवड्यात रात्रपाळीला, तर पुढच्या आठवड्यात दिवसपाळीला असतो. झोपेचीच वेळ ठरलेली नसते, तिथे कुंडीला पाणी घालायची आठवण कोठून राहणार? शिवाय ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यांना पाणी साठवून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. २०१२-१३ च्या दुष्काळातले टँकर आणि घागरींच्या रांगा जालनेकर विसरलेले नाहीत. अशा गावात रोज पाणी मागणारे झाड लावणे शहाणपणाचे नाही. ज्याला आठवड्यातून एकदाच, किंवा त्याहूनही कमी पाणी लागते, तेच झाड आपले, एवढा एकच नियम धरा. त्याचा फायदा झाडालाही होतो आणि घरातल्या माणसांनाही. तो कसा, ते पुढे पाहू.

झाडे तहानेने मरतात का?

आपला समज असा की पाणी विसरल्यामुळे झाड वाळते. बाहेरच्या अंगणात, मे महिन्याच्या उन्हात ते खरे आहे. घरातल्या सावलीत मात्र उलट घडते. तिथे बहुतेक झाडे जास्त पाण्याने मरतात. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधली जागा सतत पाण्याने भरून राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांना बुरशी लागते आणि ती कुजतात. वरून पाने पिवळी पडतात. मालक समजतो की पाणी कमी पडले आणि आणखी एक तांब्या ओततो.

विसरभोळ्या माणसाचे तर आणखी वेगळे. पंधरा दिवस तो कुंडीकडे पाहत नाही आणि आठवण झाली की मन खाते म्हणून बादलीभर पाणी ओततो. यातले पंधरा दिवस झाड सहन करील, पण ती बादली त्याला सोसणार नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर पाणी फारच धरून राहते. म्हणून घरातल्या कुंडीत नुसती काळी माती भरू नये. एक भाग माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे.

पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये.

निवड कशी करावी?

पान, खोड किंवा मुळे यांपैकी कुठे तरी पाणी साठवणारी झाडे विसरभोळ्यांना मानवतात. ती अशी :

स्नेक प्लांट – तलवारीसारखी उभी, जाड पाने. जागा कमी लागते, खोलीच्या कोपऱ्यातही तग धरते. पाणी दोन-तीन आठवड्यांनी, हिवाळ्यात महिन्याने दिले तरी चालते. हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले झाड.

झेडझेड प्लांट – चकचकीत हिरव्या पानांचे हे झाड पूर्व आफ्रिकेतले. मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यांत पाणी साठलेले असते. गावी जाऊन महिन्याने परतलात तरी ते बहुधा हिरवेच दिसेल.

कोरफड – सर्वांच्या ओळखीची. हिला मात्र ऊन लागते. खिडकीत किंवा गॅलरीत ठेवावी. अंधाऱ्या खोलीत ती लांबट आणि मलूल होते.

जेड – छोट्या, गुबगुबीत पानांचे दक्षिण आफ्रिकेतले झुडूप. उजेड भरपूर हवा, पाणी थोडे.

पानफुटी आणि पानओवा – दोन्ही शेजाऱ्याकडून फुकट मिळतात. पानफुटीचे पान मातीवर ठेवले तरी कडेला कोंब फुटतात. पानओव्याची काडी खोचली की लागते. मात्र मुतखड्यावर पानफुटीची पाने चघळत महिनोन् महिने काढणारे रुग्ण मी पाहतो. तसे करू नये. खड्याचा आकार आणि जागा सोनोग्राफीत पाहूनच उपचार ठरवायचा असतो.

स्पायडर प्लांट – हिरव्या पात्यावर पांढरा पट्टा असलेले गवतासारखे झाड. याची मुळे जाड असून त्यांत पाणी राहते. आठवड्याला एकदा पाणी पुरते. हे विषारी नाही, म्हणून रांगते मूल असलेल्या घरात याला पहिला क्रमांक द्यावा.

मनीप्लांट – लावायचा तर मातीत लावा. पाणी कमी पडले की पाने मलूल होऊन स्वतःच आठवण करून देतात आणि पाणी मिळाले की पुन्हा ताठ होतात.

तुळशीबद्दल कोणी विचारील. उन्हाळ्यात लहान कुंडीतल्या तुळशीला रोज पाणी लागते. परंतु तुळशीला पाणी घालणे हा अनेक घरांतला नित्यनेम आहे, त्यामुळे तिथे विसर पडत नाही. जिथे तो नेम राहिलेला नाही, तिथे तुळस मोठ्या कुंडीत लावावी. फर्न, गुलाब आणि नाजूक फुलझाडे मात्र विसरभोळ्यांच्या वाट्याची नव्हेत.

पाण्याचा वार एकच

डेंग्यूचा विषाणू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण डास होण्याची क्रिया आपल्या हवामानात साधारण ७ ते १० दिवसांत पुरी होते. म्हणून दर ७ दिवसांनी घरातले साठलेले पाणी ओतून दिले, तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते, ते याचसाठी.

आपल्या साप्ताहिक सुट्टीचा वार हाच झाडांच्या पाण्याचा आणि हाच कोरडा दिवस ठरवावा. पाळी बदलली तरी सुट्टीचा दिवस माणूस विसरत नाही. त्या दिवशी कुंड्यांची माती पाहावी आणि लागेल तिथे पाणी घालावे. अर्ध्या तासाने ताटल्यांत उतरलेले पाणी ओतून टाकावे. ड्रम आणि कूलर रिकामे करून आतून घासावेत.

घासण्यावर माझा भर आहे. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. ताटलीत वाळू भरून ठेवली तर पाणी उघडे राहत नाही, हाही चांगला उपाय आहे. मनीप्लांट बाटलीतच हवा असेल तर आठवड्याला पाणी बदलावे, बाटली आतून ब्रशने घासावी आणि मुळेही धुवावीत. एवढे होणार नसेल तर बाटलीचा मोह सोडावा.

डेंग्यूचा संशय असलेल्या तापात पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरही पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अतिशय गळून जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होतो.

रांगते मूल असेल तर

हिरव्या मोठ्या पानावर पांढरे ठिपके असलेले डिफेनबेकिया पुष्कळ घरांत आणि कार्यालयांत दिसते. त्याच्या पानात आणि देठात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मुलाने पान चावले की ते तोंडात रुततात. आग होते, लाळ गळते, जीभ आणि ओठ सुजतात. मनीप्लांट आणि झेडझेड यांतही तसेच स्फटिक आहेत, फक्त त्रास सहसा कमी होतो. म्हणून ही झाडे मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत.

असे घडले तर तोंडातले तुकडे काढून ओल्या फडक्याने तोंड पुसावे, चूळ भरायला लावावी, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे. उलटी मुळीच करवू नये. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थांबू नये, थेट रुग्णालयात जावे. चीक डोळ्यात गेला तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांना दाखवावा.

कण्हेर आणि बिट्टी हीसुद्धा फारशी निगा न मागणारी झाडे आहेत. परंतु ती हृदयावर परिणाम करणारी विषे आहेत. बिट्टीचे एखादे बी मुलाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यावे. लहान मुलांच्या घरी ही दोन झाडे नकोत.

झाडाने घरातली हवा शुद्ध होते का?

नर्सरीत तसे सांगितले जाते. याचे मूळ १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. हवाबंद पेट्यांत झाडे ठेवली असता बेंझीनसारखी द्रव्ये कमी झाली होती. आपले घर मात्र हवाबंद पेटी नसते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. इमारतीत नेहमी जेवढी हवा खेळते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. म्हणजे खिडकी उघडणे हाच स्वस्त उपाय.

स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडते, हेही तितकेसे खरे नाही. अशी झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण प्राणवायू उजेडातच तयार होतो. उलट, रात्री खोलीत झाड ठेवले तर ते आपला प्राणवायू संपवते, ही भीतीही निराधार आहे. शेजारी झोपलेला माणूस त्याहून किती तरी अधिक वापरतो. भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी घरी झाड आहे म्हणून कामावरचा मास्क काढून ठेवू नये. पानांवर धूळ बसते, ती ओल्या फडक्याने पुसावी. एवढाच धुळीचा आणि झाडाचा संबंध.

कोरफड आणि भाजणे

कोरफड दारात आहे म्हणून मोठ्या भाजल्यावर गर थापू नये. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. नळाला पाणी नसेल तर साठवलेले स्वच्छ पाणी तांब्याने सतत ओतत राहावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात यावे. कातडी न फुटलेल्या किरकोळ चटक्यावर, गार केल्यानंतर, गर लावायला हरकत नाही. सालीखालचा पिवळा चीक मात्र पोटात घेऊ नये. तो जुलाब करतो. गर्भवतींनी तर तो टाळलाच पाहिजे.

माती हाताळताना खुरपे लागले तर जखम साबणाने धुवावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटून गेली असतील, तर डॉक्टरांना विचारून ते घ्यावे.

थोडक्यात

१. आठवड्याला किंवा त्याहून कमी पाणी लागणारे झाड निवडा. सुरुवात एका झाडापासून करा. ते सहा महिने टिकले की दुसरे आणा.
२. सुट्टीच्या दिवशी बोटाने माती पाहून पाणी घाला. त्याच दिवशी ताटल्या, बाटल्या, ड्रम आणि कूलर रिकामे करून घासा.
३. लहान मूल असेल तर स्पायडर प्लांट ठेवा. डिफेनबेकिया, कण्हेर आणि बिट्टी घरात आणू नका.

कुंडीला पाणी घालायला विसरणे हा आजार नव्हे. परंतु वर्षानुवर्षे नेमाने बाग सांभाळणारी वडीलधारी व्यक्ती अलीकडे गॅस बंद करायला, ओळखीचा रस्ता, रोजची औषधे विसरू लागली असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती रक्ताच्या तपासणीत सापडते आणि तिच्यावर उपचारही आहेत. डॉक्टरांकडे येताना ती व्यक्ती घेत असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून बरोबर आणाव्यात.