मेंढ्यांचा चारा व शाळेचा हजेरीपट

पुणे-सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माळ भाद्रपदात हिरवा दिसतो. परंतु दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत पिकले, की तेच रान मेंढीस जाचते. कुसळे लोकरीत अडकून कातडीत शिरतात. पुढे माळ वाळला, की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. भातकापणीनंतर तेथील शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवितात व धान्य देतात. पावसाळ्यापूर्वी कळप परततात. कारण कोकणच्या ओल्या रानात खुरे कुजतात, जंतांचा उपद्रव वाढतो. वाड्याबरोबर मुलेही जातात. ही गैरहजेरी पालकांची अनास्था समजणे अन्यायाचे होय. पटावरून नाव कमी करण्यापूर्वी शिक्षकाने वाडा कोणत्या वाटेने गेला व केव्हा परतेल, याची गावात चौकशी करावी. मूल परतल्यावर गवताचा पाठ त्याच्याकडूनच वदवून घ्यावा.